गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आहे, म्हणून घर घ्यायचं?

वाळवंटीकाठी
2023 साली मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली तेव्हापासून पेडण्याकडच्या गावांत जुन्या घरांची विचारणा वाढली आहे. आता डिचोली-सत्तरीतही दलाल फिरतात. माझं मत स्पष्ट आहे: मूळ मालक वारलेला असेल आणि इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारस ठरवून वाटणी, झालेली नसेल, तर ते घर घेऊ नये. अ‍ॅडव्हान्ससुद्धा देऊ नये.

दलाल एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सात-बारा, दाखवतो, घरपट्टीची पावती दाखवतो, वीजबिल दाखवतो. यातल्या एकानेही मालकी सिद्ध होत नाही. उतारा ही महसुली नोंद, आणि घरपट्टी भरतो तोच मालक असतो असंही नाही. खरी गाठ आहे ती आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, आणि मुलगा-मुलगी सारखेच वारस. आजोबांना पाच लग्न झालेली मुलं असतील तर दहा सह्या लागतात. त्यात एक आत्या मुंबईला, एक काका पोर्तुगालात, दोघा भावांचं बोलणं बंद. एक सही राहिली की तेवढा हिस्सा तुम्ही घेतलेलाच नसतो.

वारलेल्या आणि परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या कागदांवर विकल्या गेल्या, म्हणून 2022 मध्ये सरकारला एसआयटी, म्हणजे पोलिसांचं विशेष तपास पथक, नेमावी लागली. हे विसरू नका.

कुळागर
अजिबात पटत नाही. एक वारस अडून बसला की इन्व्हेंटरी कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहते. तोवर छपराचे नळे फुटतात, वासे कुजतात, मातीची भिंत पावसात बसते. आमच्या वाड्यावरची चांगली चांगली घरं अशीच गेली. वारसांचं एकमत असेल तर इन्व्हेंटरीची गरजच काय? स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करावं आणि सगळ्यांनी मिळून विक्रीखतावर सह्या कराव्यात. हा रस्ताही कायद्यातलाच आहे.

वाळवंटीकाठी
आहे, पण डीड ऑफ सक्सेशन होतं ते जबानीवर. जबानी देणाऱ्यांनी एका बहिणीचं नाव गाळलं तर तिचा हक्क बुडत नाही. दहा वर्षांनी ती दारात उभी राहिली की तुम्ही तिला काय सांगणार?

म्हादईकाठ
तुम्ही दोघेही वारसांवरच भांडताय. घरामागे मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणारा, असतो, त्याचं काय? 1975 च्या कायद्याने त्याला सहजासहजी हुसकावता येत नाही, उलट आपलं राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. मामलेदाराच्या रजिस्टरात नाव नाही म्हणजे मुंडकारच नाही, हे दलालाचं म्हणणं खोटं. बाहेरून आलेला माणूस खरेदी झाल्या झाल्या कुंपण घालतो आणि तीन पिढ्यांची पायवाट बंद होते. मला याचा फार राग येतो. भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, बोलण्याआधी मुंडकाराच्या घरी जाऊन बसा.

फोंड्याहून
जमिनीचा झोनही बघा, म्हणजे ती वस्तीची की शेतीची ते. घराला लागून भातशेती असेल तर 2023 च्या कायद्यामुळे ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. ‘घर आणि शेत एकत्र देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

कुळागर
मुंडकाराचं शंभर टक्के मान्य. अ‍ॅडव्हान्सचं मात्र नाही. विकणारी भावंडं वयाने सत्तरच्या पुढची असतात. वकील, कोर्ट, नोटीस, हा खर्च त्यांनी कुठून करायचा? गिऱ्हाइकाने रजिस्टर्ड विक्रीकरार करावा, इन्व्हेंटरीची अट त्यातच घालावी, थोडी रक्कम आधी द्यावी आणि बाकीची निकालानंतर. आपले गावचे लोक घर घेऊ शकतील ते अशानेच. सगळी रक्कम हातात घेऊन थांबायला त्यांना परवडत नाही, ते दिल्लीवाल्याला परवडतं.

वाळवंटीकाठी
करारावर सगळ्या वारसांच्या, जोडीदारांसकट, सह्या असतील तर अ‍ॅडव्हान्सवरचा माझा आक्षेप मागे घेतो. घरात राहणाऱ्या एकट्या भावाशी केलेला करार असेल, तर एक रुपयाही देऊ नका.