फुप्फुस आणि थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र : खाटेजवळ नेमके काय पाहावे?

रात्रपाळी :
नमस्कार. प्रसूती विभागात नऊ वर्षे काढल्यानंतर गेल्या महिन्यात माझी बदली कर्करोग शस्त्रक्रिया विभागात झाली आहे. आमच्या वॉर्डात फुप्फुसाचा खंड काढलेले आणि संपूर्ण थायरॉईड ग्रंथी काढलेले रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात, आणि रात्री ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती) घेताना दोघांबद्दल मला एकच वाक्य मिळते : ‘व्हायटल्स स्टेबल, ड्रेन आहे,’ म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास ठीक आणि जखमेत साचणारे बाहेर काढणारी नळी लावलेली. बाळंतिणीच्या खाटेजवळ उभे राहिले की काही बिघडते आहे हे मला तक्त्याआधी कळायचे. इथे तक्ता भरून होतो, पण नजर अजून बसलेली नाही. पाठ्यपुस्तकातली लक्षणांची यादी माझ्याजवळ आहे. पहिल्या चोवीस तासांत अनुभवी परिचारिकेचा हात आणि डोळा आधी कुठे जातो, हे कुणी सांगू शकेल का?

जुनी इन्चार्ज :
सिस्टर, ‘ड्रेन आहे’ या वाक्यातच घोटाळा आहे, कारण ते दोन ड्रेन दोन वेगळ्या कामांसाठी असतात. थायरॉईडचा ड्रेन रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्ताची गुठळी अडकली तरी तो रिकामाच दिसतो. मानेत मोकळी जागा फार थोडी असते, त्यामुळे आत रक्त साचले की शिरांवर दाब येतो, स्वरयंत्राला सूज चढते आणि श्वासनलिका अरुंद होत जाते, आणि हे सगळे होत असताना बोटाला लावलेला ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो. रुग्ण मात्र आधी बदलतो. तो अस्वस्थ होतो, उठून बसू पाहतो, गळ्याशी आवळल्यासारखे वाटते म्हणून पट्टी ओढतो. अशा वेळी ‘झोपा, काही नाही’ असे कधीही म्हणू नये.

माझा हात आधी मानेखाली जातो. रुग्ण डोके उंच करून पडलेला असतो, रक्त उताराने मागे ओघळते, आणि पुढची पट्टी कोरडी असताना उशीचा अभ्रा ओला लागतो. दर फेरीला मी रुग्णाला त्याचे नाव आणि गाव विचारते. उत्तर मला ठाऊक असते, ऐकायचा असतो तो आवाज : मघापेक्षा घोगरा झाला आहे का, श्वास घेताना शिट्टीसारखा सूर येतो का, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो का. टाके कापण्याचे साहित्य खाटेच्या उशाशीच हवे, कारण मान फुगू लागली तर डॉक्टरांना टाके तिथेच उघडावे लागतात, ऑपरेशन थिएटरपर्यंत जाण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. मी पूर्वी जिथे होते तिथे हे साहित्य कुलूपबंद कपाटात असे आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरांबरोबर घरी गेलेली असे. त्या एका रात्रीनंतर मी कुलूपच काढून टाकायला लावले. त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी आनंदाने दिला.

फुप्फुसाच्या रुग्णाची गोष्ट निराळी, कारण तिथे ड्रेन म्हणजे छातीतली हवा आणि रक्त बाहेर काढणारी नळी, आणि तिची पाणी भरलेली बाटली तुमच्याशी बोलते. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते का ते पाहा. ते अचानक थांबले आणि रुग्णाला धाप लागली, तर आधी नळी कुठे दुमडली किंवा अंगाखाली आली आहे का ते बघा. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावून ठेवू नये, कारण आतली हवा छातीत कोंडली जाते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली हवी. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची वॉर्डबॉय मामांची सवय तुम्हालाच मोडावी लागेल. पट्टीच्या आसपासची त्वचा बोटांनी दाबून पाहा : कागद चुरगळल्यासारखी कुरकुर लागली तर त्वचेखाली हवा शिरली आहे, तिची सीमा पेनाने आखा आणि कळवा. तासाला 100 मिलीलीटरच्या वर ताजे रक्त येऊ लागले तर पुढच्या तासाच्या नोंदीची वाट पाहू नका.

श्वासवही :
मी छातीची फिजिओथेरपी करते, म्हणून एवढेच जोडते. श्वासाच्या व्यायामाचे, तीन छोट्या चेंडूंसारख्या गोळ्यांचे ते उपकरण श्वास आत ओढून वापरायचे असते, पण निम्मे रुग्ण फुगा फुगवल्यासारखे त्यात फुंकतात आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून हिरमुसतात. एकदा समोर बसून करून घ्यावे. खोकण्यापूर्वी उशी जखमेवर घट्ट धरायला द्यावी आणि वेदनाशामक औषध त्याच्या आधी पोचलेले असावे. दुखते म्हणून खोकला दाबला की कफ साचतो, आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो तो बहुधा तिथून.

मुलगा :
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांच्या फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अकरा रात्री वॉर्डात होतो. आल्या दिवसापासून भेटेल तो त्यांना ‘किती वर्षे विडी ओढत होता?’ असे विचारत होता. नोंदीसाठी एकदा विचारणे योग्यच आहे. पण पुढे त्यांनी दुखते हे सांगणेच सोडले, ‘आपणच केलेले, आता कुरकुर कशाला’ असे ते मला रात्री म्हणाले. एका सिस्टरांनी ‘दुखते का?’ ऐवजी ‘दहापैकी किती दुखते?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी आठ सांगितले. त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तर आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी त्यांनाही तोच प्रश्न रोज असे.

रात्रपाळी :
सर्वांचे आभार. कालपासून मानेखाली हात घालू लागले आहे. आणखी एक शंका : थायरॉईडच्या एका ताई दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या येतात म्हणाल्या, आणि मी ते भीतीमुळे असेल असे समजले.

जुनी इन्चार्ज :
मुंग्या भीतीच्या समजू नका. शस्त्रक्रियेत ग्रंथीमागच्या चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथींचा रक्तपुरवठा दुखावला की रक्तातील कॅल्शियम उतरते, आणि ते साधारण 24 ते 72 तासांत दिसते, म्हणजे नेमके घरी जायची तयारी चाललेली असताना. ओठ आणि बोटांची टोके आधी बोलतात, मग हाताची बोटे आखडतात. कानापुढे टिचकी मारून गाल उडतो का ते पाहता येते, पण काही निरोगी माणसांतही तो उडतो, म्हणून लगेच कळवून रक्त तपासायला पाठवा. शिरेतून कॅल्शियम द्यायची वेळ आली तर ते अगदी सावकाश, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून जाते, आणि सुईची जागा सारखी पाहावी लागते, कारण ते शिरेबाहेर गेले तर कातडी जळते.

आणि सकाळच्या ट्रॉलीवर एक नजर टाका. थायरॉक्सिनची, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाची गोळी उपाशीपोटी द्यायची असते आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन पुरेसे शोषले जात नाही. आमच्याकडे दोन्ही गोळ्या एकाच कागदी पुडीतून चहाबरोबर जात होत्या.