मदत हवी आहे : तारे एवढे लांब, मग दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह) एवढ्या जवळ कशा? मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत अंजनेरीच्या बाजूला आकाशदर्शनाला न्यायचं ठरलंय. त्याआधी एका संध्याकाळी मैदानात सूर्यमाला मांडायची आहे. निम्मं जमलंय, पुढे अडलेय.

प्रमाण घेतलंय १ सेंमी म्हणजे १ लाख किमी. मुलांना तोंडी हिशेब करता येतो म्हणून हेच. सूर्य म्हणजे १४ सेंमीचा चेंडू. पृथ्वी जेमतेम सव्वा मिलिमीटरची आणि सूर्यापासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून पावणेचार सेंमीवर, आणि माणूस आजवर गेलाय तो फार तर तिथपर्यंतच. गुरू ७८ मीटरवर, तर नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे त्याला घेऊन रस्त्यावरच जावं लागणार. एवढ्या पसाऱ्यातले आठही ग्रह मात्र एका मुठीत मावतात!

या मांडणीत प्रकाश सेकंदाला ३ सेंमी सरकतो. एखाद्या मुलाने त्याच वेगाने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत जायचं म्हटलं तर ८ मिनिटं २० सेकंद लागतात. हे मी करून घेणारच आहे. बाकीची पोरं कंटाळली तरी चालेल, तो कंटाळाच कळायला हवा.

सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. आपल्या मांडणीत तो दोन सेंमीचा आणि सुमारे ४,००० किमी दूर. नाशिकहून हाँगकाँग साधारण तेवढंच. इथवर मुलांना पटेल.

खरी अडचण यापुढे आहे. आपल्या आकाशगंगेचा व्यास अंदाजे १ लाख प्रकाशवर्षं, आणि देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे आकाशगंगा १ मीटरच्या वर्तुळाएवढी काढली, तर देवयानी फक्त २५ मीटरवर येते. ताऱ्यांमधलं अंतर त्यांच्या आकाराच्या कोट्यवधी पट, दीर्घिकांमधलं जेमतेम पंचवीस पट. दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, ते यामुळेच. मला तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि नेमकी तीच सांगताना गोंधळ होतो.

कारण पहिलं प्रमाण इथे चालत नाही. त्यात आकाशगंगाच साडेनऊ कोटी किमीची होते. नवं प्रमाण घेतलं की सूर्य दिसेनासा होतो आणि मुलं विचारतात, "मग विश्व रिकामं आहे की नाही?"

कुणी मुलांसोबत असा प्रयोग केलाय का? दोन्ही मांडण्या एकाच संध्याकाळी घ्याव्यात, की दुसरी अंजनेरीला प्रत्यक्ष देवयानी दाखवताना? मधला सांधा कसा जोडलात तेवढं सविस्तर लिहा. प्रमाण बदलायचं सुचवत असाल तर आकड्यांसकट सांगा, मी मोजून बघेन.