जुन्या १२० निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड स्कॅनरच योग्य. कॅमेऱ्याने स्कॅन करण्याचा आग्रह कशासाठी?

रामबागकर (इंदूर)

आपल्याकडे लग्न-मुंजीची कृष्णधवल छायाचित्रे दीर्घकाळ याशिका मॅटसारख्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यांवर काढली जात; १२० फिल्मच्या (सुमारे सहा सेंटिमीटर रुंद रोल फिल्म) एका रोलवर बारा चौकोनी फ्रेम येत. बंद पडलेल्या एका स्टुडिओचा अशा निगेटिव्हचा संग्रह माझ्याकडे सांभाळण्यासाठी आला आहे. ‘फ्लॅटबेड (काचेवर फिल्म ठेवून स्कॅन करणारे यंत्र) घेऊ नका, मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्यानेच फोटो काढा’ असा सल्ला मला सगळीकडून मिळतो आहे आणि तो मला मान्य नाही.

एप्सनच्या व्ही ८५० या फ्लॅटबेडवर ६४०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे बिंदू) छापलेले असते. तो आकडा विक्रीपुरता खरा मानावा, कारण स्वतंत्र चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील साधारण २३०० डीपीआयच्या आसपासच थांबतो. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी हे अपुरे आहे, हे मी मान्य करतो. परंतु ६×६ ची, म्हणजे १२० फिल्मवरची चौकोनी, फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर रुंद असल्यामुळे तेवढ्या रिझोल्यूशनवरही प्रत्येक बाजूला सुमारे ५००० पिक्सेल मिळतात. छापील ६४०० वर विश्वास ठेवून स्कॅन केल्यास १६ बिट रंगात एकेक फाइल एक जीबीच्या वर जाईल आणि तपशिलात काहीही भर पडणार नाही.

शिवाय अशा संग्रहात केवळ १२० फिल्मच असते असे नाही. लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात इंदुरात छायाचित्रणाला सुरुवात केली तो काळ काचेच्या निगेटिव्हचा होता, आणि जुन्या गठ्ठ्यांत अशा प्लेट अजूनही निघतात. व्ही ८५० च्या झाकणातल्या प्रकाशाखाली ८×१० इंचांपर्यंतची निगेटिव्ह मावते. १२० फिल्मच्या खास स्कॅनरांत ती शिरणारच नाही.

दांडियाबाजार (बडोदे)

रामबागकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो संपूर्ण फ्रेम सपाट आणि नेमक्या फोकसमध्ये आहे असे गृहीत धरतो. फ्लॅटबेडच्या लेन्सचा फोकस स्थिर असतो, त्यामुळे होल्डरची (फिल्म धरणाऱ्या चौकटीची) उंची किंचित चुकली तरी तपशील जातो. व्ही ८५० च्या होल्डरची उंची निदान बदलता येते. स्वस्तातल्या व्ही ६०० मध्ये तीही सोय नाही. कॅमेऱ्यात मात्र स्क्रीनवर प्रतिमा मोठी करून फिल्मच्या कणांवरच फोकस करता येतो. चांगली एलईडी लाइटबॉक्स, भक्कम कॉपी स्टँड आणि फिल्मभोवती काळा मास्क एवढे असले की एक फ्रेम काही सेकंदांत होते. कॅमेरा फिल्मला समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत स्टँड हलवावा. शेकडो रोल समोर असतील तर फ्लॅटबेडच्या वेगाने तुम्ही किती वर्षे बसणार आहात?

रामबागकर (इंदूर)

आपल्यापैकी बहुतेकांकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, म्हणजे ६०००×४००० पिक्सेलची आयताकृती प्रतिमा. तीत चौकोनी फ्रेम बसवली की प्रत्येक बाजूला ४००० पिक्सेलच उरतात, म्हणजे जेमतेम १८०० डीपीआय. ज्या यंत्राला कमी लेखले जाते, त्याच्यापेक्षाही हे कमी झाले. दोन भागांत फोटो काढून ते जोडता येतात, पण मग वेगाचा मुद्दा उरत नाही.

वेळेचे म्हणाल तर तो स्कॅनिंगमध्ये फारसा जातच नाही. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून काढणारी डिजिटल आइस ही सोय रंगीत फिल्मवर उत्तम चालते, परंतु कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि यंत्राला धूळ व प्रतिमा यांत फरक करता येत नाही. त्यामुळे एकेक डाग हातानेच काढावा लागतो आणि खरे तास तिथे जातात. इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांतली धूळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. फ्लॅटबेडच्या पसरट, मऊ प्रकाशात ओरखडे आणि स्टुडिओवाल्यांनी पेन्सिलीने केलेले रिटचिंग तुलनेने कमी डोळ्यांत भरते, हाही त्याचा फायदाच आहे.

दांडियाबाजार (बडोदे)

मऊ प्रकाश लाइटबॉक्सचाही असतो, तेव्हा तो फायदा तुमच्या यंत्राच्या एकट्याच्या खात्यात जमा करू नका. आणि १८०० डीपीआयला हिणवण्याआधी प्रिंटचा आकार सांगा. १२ इंची चौकोनी प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० पिक्सेल लागतात. माझ्याकडे ४००० आहेत. घरच्या मंडळींना लग्नाचा फोटो २० इंचांचा हवा असेल तर ६००० लागतील आणि तिथे तुमचे ५००० देखील कमीच पडतात.

शिंदेछावणी (ग्वाल्हेर)

आपण दोघेही निगेटिव्हपुरतेच बोलत आहात. मी १२० वर स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट रंगीत पॉझिटिव्ह प्रतिमा येते) वापरतो आणि तिथे प्रश्न वेगळा आहे. कृष्णधवल निगेटिव्हची घनता सहसा माफक असते, ती कोणतेही बरे यंत्र वाचते. स्लाइडच्या गडद छायांमध्ये मात्र फ्लॅटबेडला नॉइजच (तपशिलाऐवजी उमटणारे खरखरीत ठिपके) अधिक दिसते. माझ्या मते आजही निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९००० या खास फिल्म स्कॅनरला तोड नाही. त्याचे ४००० डीपीआय बऱ्याच अंशी खरे असतात, म्हणजे ६×६ च्या एका फ्रेममधून सुमारे ७८ मेगापिक्सेल मिळतात, आणि रंगीत फिल्मवर डिजिटल आइस चालते ते वेगळेच.

छत्रीबाग (इंदूर)

यंत्र उत्तम, यात वाद नाही. पण त्याचे उत्पादन बंद होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे, ते फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने जोडावे लागते, निकॉनचे सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालत नसल्यामुळे व्ह्यूस्कॅनसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पर्याय घ्यावा लागतो, आणि सोबत मिळणाऱ्या होल्डरला काच नसल्यामुळे वाकलेली १२० फिल्म मध्यभागी फुगतेच. काचेचा होल्डर वेगळा शोधावा लागेल. बिघाड झाला तर इंदुरात ते उघडून पाहणारा कोण आहे?

मला वाटते, यंत्रावरून भांडण्याआधी फिल्म सपाट करावी. कोरड्या हवेत जिलेटिन आकसते आणि फिल्म इमल्शनच्या (प्रतिमा असलेल्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला वळते, त्यामुळे उन्हाळ्यात काढलेला गठ्ठा तसाच स्कॅन करू नये. काही दिवस निगेटिव्ह स्लीव्हमध्ये घालून वजनाखाली ठेवावा. साध्या काचेला फिल्मची गुळगुळीत बाजू टेकली की न्यूटन रिंग (प्रतिमेवरची रंगीत वलये) उमटतात, म्हणून इमल्शनची बाजू काचेकडे ठेवावी आणि प्रतिमा नंतर उलटवावी.

रामबागकर (इंदूर)

छत्रीबाग यांची सूचना मी अमलात आणीन. शिंदेछावणी यांच्या स्लाइडबद्दल माझा वाद नाही. माझ्या संग्रहात त्या नाहीत. दांडियाबाजार यांच्या २० इंची प्रिंटविषयी मात्र एवढेच म्हणेन की तेवढे मोठे चित्र कोणी नाकाजवळ धरून पाहत नाही. २४० डीपीआयने ४८०० पिक्सेल पुरतात आणि ते माझ्याकडे आहेत. तुमच्या एका चौकटीतल्या ४००० मध्ये ते बसत नाहीत.

दांडियाबाजार (बडोदे)

मग ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा धरा. त्यात आखूड बाजूला सुमारे ५५०० पिक्सेल असतात आणि जोडकाम न करता २४०० डीपीआयच्या वर जाता येते. असा कॅमेरा भाड्याने घेऊन दोन दिवसांत सारा गठ्ठा उरकेल, आणि काचेच्या प्लेटही त्याच स्टँडवर होतील.

रामबागकर (इंदूर)

उरकेल, पण पुढच्या महिन्यात आणखी एखादा डबा निघाला की पुन्हा भाडे, पुन्हा आरसा, पुन्हा स्टँडची जुळणी. असे डबे एकदम मिळत नाहीत, एकेक करून येत राहतात. मी फ्लॅटबेडच घेणार आहे.