लेखांकन आणि नव्या तंत्रज्ञानावरच्या संशोधन सेमिनारमध्ये नेमके काय ऐकावे, काय विचारावे?

नवी_नोंद

मी लेखांकनात पीएच.डी. करीत आहे आणि हे माझे दुसरे वर्ष आहे. आमच्या विभागात दर आठवड्याला दीड तासाचा संशोधन सेमिनार होतो. बाहेरचे कोणी प्राध्यापक येऊन आपला अजून प्रसिद्ध न झालेला पेपर मांडतात आणि तो पेपर दोन-तीन दिवस आधी सर्वांना मिळतो. अलीकडे दर दुसरा पेपर कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन किंवा मशीन लर्निंगवर असतो. माझी अडचण अशी, की पेपर शेवटपर्यंत वाचून गेले तरी चर्चा भलत्याच ठिकाणी रंगते. मागच्या आठवड्यात पाहुण्या प्राध्यापिका तिसऱ्या स्लाइडवर आल्या आणि तिथेच पंचवीस मिनिटे अडकल्या. 'कंपनी एआय किती वापरते' हे त्यांनी कसे मोजले, एवढ्या एकाच मुद्द्यावर चार जण तुटून पडले होते. ज्या मॉडेलची रचना समजून घेण्यासाठी मी रात्र जागवली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

सहा आठवड्यांनी माझी पाळी आहे. वार्षिक अहवालातील जोखमीविषयीचा मजकूर मी भाषा मॉडेलला वाचायला देते, त्यावरून प्रत्येक कंपनीला जोखमीचे गुण मिळतात आणि पुढच्या वर्षी तिच्या शेअरच्या भावात किती चढउतार झाला याच्याशी ते गुण मी ताडून पाहते. तयारी कुठून सुरू करावी, मॉडेल किती समजावून सांगावे आणि दीड वर्ष गप्प बसलेल्या माणसाने तोंड उघडावे तरी कसे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ताळेबंद_शिक्षक

आपण जे पाहिलेत ते भलते नव्हते. या विषयातला सेमिनार बहुतेक वेळा तिथेच घडतो. लेखांकनात पीएच.डी. करणाऱ्यांना लेखांकनाचे संशोधक विल्यम किनी यांचा १९८६ सालचा एक सल्ला आजही दिला जातो. पेपर हाती घेतला की तीन छोटे परिच्छेद लिहायचे: काय शोधायचे आहे, ते का महत्त्वाचे आहे आणि ते कसे शोधणार. दुसऱ्याचा पेपर वाचतानाही हेच करावे, आणि लेखकाचे शब्द न वापरता करावे. जिथे आपले वाक्य अडखळते, तिथेच बहुधा सेमिनारही अडखळतो.

याच्या जोडीला 'लिबी बॉक्सेस' कागदावर काढण्याची सवय लावून घ्या. रॉबर्ट लिबी यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या आकृतीत वरच्या दोन चौकटींत संकल्पना असतात, एकीत कारण आणि दुसरीत परिणाम. खालच्या दोन चौकटींत त्यांची मोजमापे येतात आणि पाचवीत परिणामावर असर करणारे बाकीचे सगळे. रिग्रेशनचा, म्हणजे दोन मोजमापांमधले नाते आकड्यांत काढणाऱ्या गणिताचा, तक्ता फक्त खालच्या दोन चौकटींमधले नाते दाखवतो. पेपरचे शीर्षक मात्र वरच्या दोन चौकटींविषयी बोलत असते. वरून खाली येणाऱ्या दोन रेघा कच्च्या असतील, तर तक्त्यातल्या ताऱ्यांना (नाते निव्वळ योगायोगाचे नसावे, असे सुचवणाऱ्या खुणांना) काही अर्थ राहत नाही.

त्या पंचवीस मिनिटांकडे आता या नजरेने पाहा. अहवालात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द किती वेळा आले ते मोजले, तर कंपनी त्याविषयी किती बोलते हे कळते. नोकरीच्या जाहिरातींतून मोजले, तर तिला कशी माणसे हवी आहेत हे कळते. तयार सॉफ्टवेअर विकत घेऊन मुकाट्याने वापरणारी कंपनी दोन्हीकडे शून्यावर राहते. म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने वावरत आहेत, आणि लोक तुटून पडले ते त्यामुळे.

आपला विषय मजकुराचा असल्याने एक उदाहरण पाठच ठेवा. २०११ साली जर्नल ऑफ फायनान्समध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवले, की सर्वसामान्य इंग्रजीसाठी तयार केलेल्या शब्दसूचीत नकारात्मक ठरणाऱ्या शब्दांचे अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतले आढळ मोजले, तर त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश आढळ आर्थिक संदर्भात नकारात्मक नसलेल्या शब्दांचे असतात. कर, खर्च, भांडवल, देयता यांना निराशेचे शब्द मानणारे मोजमाप कोणत्याही ताळेबंदाला दुःखी ठरवील. भाषा मॉडेल ही चूक करणार नाही, असे आपण म्हणाल. मग ते कोणती चूक करते, हा प्रश्न आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत येईल.

चाचणी_संच

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त तंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण मापनाचे सगळे पटूनही असे पेपर दुसऱ्याच एका ठिकाणी कोसळताना मी पाहिले आहेत. ते ठिकाण म्हणजे गळती: मॉडेलला जे माहीत नसायला हवे, ते त्याला आधीच कळलेले असणे. हिशेबातील गैरव्यवहार ओळखणारे मॉडेल घ्या. एखाद्या कंपनीचा गैरव्यवहार सलग चार-पाच वर्षे चालतो. त्यातली पहिली तीन वर्षे शिकवणीच्या संचात आणि पुढची दोन चाचणीच्या संचात गेली, की मॉडेल गैरव्यवहार ओळखत नसून ती कंपनीच ओळखत आहे, अशी शंका घ्यायला जागा राहते. हा प्रश्न विचारायला मॉडेलची आतली रचना कळावी लागत नाही. 'एकाच कंपनीची वर्षे दोन्हीकडे आहेत का' एवढे विचारले तरी पुरते.

भाषा मॉडेलच्या बाबतीत ही गळती अधिक छुपी असते. २०२३ पर्यंतचा मजकूर वाचून तयार झालेल्या मॉडेलला २०१५ चा अहवाल दिला, तर त्या कंपनीचे पुढे काय झाले हे त्याने आधीच कुठेतरी वाचलेले असू शकते. तेव्हा नव्या नोंदीबाई, आपले 'भाकीत' ही आठवण तर नाही ना, हे तपासून या. त्यासाठी कंपनीची नावे, वर्षे आणि ओळखीच्या खुणा झाकून गुण पुन्हा काढा आणि मॉडेलच्या प्रशिक्षणाची मुदत संपल्यानंतरचे अहवाल वेगळे घेऊन पाहा. मॉडेलची नेमकी आवृत्ती, त्याला दिलेल्या सूचनेचा शब्दशः मजकूर आणि तोच परिच्छेद पुन्हा दिल्यावर गुण किती बदलतात, हे परिशिष्टात असावे. ऑनलाइन सेवेतली आवृत्ती बदलली, की सहा महिन्यांपूर्वीचे आकडे आपल्यालाच पुन्हा काढता येत नाहीत.

अचूकतेच्या टक्केवारीनेही हुरळून जाऊ नका. समजा, १०,००० अहवालांपैकी १०० मध्ये गैरव्यवहार आहे. मॉडेलने त्यातले ८० पकडले आणि उरलेल्या ९,९०० पैकी फक्त ५ टक्क्यांवर, म्हणजे ४९५ वर, खोटा ठपका ठेवला. एकूण ५७५ अहवालांवर बोट ठेवले गेले आणि त्यातले खरे ८०, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास. उलट 'कोणीच दोषी नाही' असे डोळे मिटून सांगणारे मॉडेल ९९ टक्के अचूक ठरते! सेमिनारमध्ये पहिला प्रश्न विचारायचा असेल तर मूळ प्रमाणाविषयी, म्हणजे एकूण अहवालांत गैरव्यवहाराचे मुळात किती आहेत याविषयी, विचारा. तो सहसा वाया जात नाही.

पलीकडच्या_इमारतीतून

मी संगणकशास्त्राचा माणूस आहे आणि सहलेखक म्हणून लेखांकनाच्या सेमिनारांना बसतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. आमच्याकडे वक्त्याला बोलू देतात आणि प्रश्न शेवटी येतात. तुमच्याकडे शीर्षकाच्या स्लाइडवरच हात वर होतात. ही पद्धत मला आता आवडू लागली आहे, पण तिची एक खोड आहे. प्रत्येक पेपरला 'कार्यकारणभाव कुठे आहे' असे दरडावले जाते. ज्या लेखापरीक्षकाला हजार कंपन्यांपैकी पन्नास निवडून तपासायच्या आहेत, त्याला चांगले भाकीत पुरते. आपला पेपर भाकिताचा आहे की कारणाचा, हे पहिल्याच स्लाइडवर स्पष्ट सांगितले तर निम्मा वाद तिथेच मिटतो. न सांगितल्यास लोक कारणाचा पेपर गृहीत धरतात आणि मग सुटका नसते.

ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदवहीच्या, पेपरांत मात्र तुमच्या मंडळींचा संशय बहुधा योग्य ठरला. 'हेच काम साध्या डेटाबेसने का होणार नाही' या एका प्रश्नाने कित्येक पेपर गारद झाले. ब्लॉकचेनवर नोंद बदलता येत नाही हे खरे. पण मुळात खोटी नोंद केली, तर ती खोटी नोंदही बदलता येत नाही! गोदामात माल खरोखर आहे की नाही, हे पाहायला कोणाला तरी जावेच लागते. मला त्यापेक्षा मानकांतल्या बदलांवरचे पेपर सकस वाटतात. कूटचलन (बिटकॉइनसारखे) हे अमूर्त मालमत्ता मानावे आणि नेहमीच्या व्यवसायात विक्रीसाठी बाळगले असेल तर मालसाठा धरावे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय मानकांच्या अर्थनिर्णय समितीने जून २०१९ मध्ये दिला. अमेरिकेच्या मानक मंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरावीक कूटमालमत्ता रास्त मूल्याने (चालू बाजारभावाने) दाखवून मूल्यातला बदल निव्वळ नफ्यात धरायला सांगितले. मालमत्ता तीच, नियम मात्र वेगळा, म्हणजे संशोधकाला आयती संधी. अडचण इतकीच, की नियम बदलत असताना भावही एका जागी थांबलेले नसतात आणि या दोहोंचे परिणाम वेगळे काढणे हाच त्या पेपरचा खरा भाग ठरतो.

मागचा_बाक

मी थोडे व्यावहारिक लिहितो. आपल्या सेमिनारच्या दिवशी एका मित्राला फक्त प्रश्न टिपायला बसवा. समोर उभे असताना निम्मे प्रश्न आठवत नाहीत. उत्तर येत नसेल तर 'हे मी तपासलेले नाही' असे म्हणून पुढे जा. तिथेच उभ्या उभ्या नवा सिद्धांत रचणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे, आणि त्यांच्यापैकी एक मीच होतो.

प्रश्नांच्या माऱ्याविषयी एक. अर्थशास्त्राच्या सेमिनारांत नोंदी ठेवून केलेल्या एका अभ्यासात स्त्री वक्त्यांना पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न येतात असे आढळले आहे. काही विभागांनी सुरुवातीची दहा मिनिटे प्रश्नांविना ठेवण्याची पद्धत सुरू केली आहे. तुमच्या आयोजकांना तसे विचारायला हरकत नाही. नकारानेही खचू नका: रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांचा १९६८ चा जो पेपर आज शेअर-भाव आणि नफा यांच्या संशोधनाची सुरुवात मानला जातो, तो पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला होता.

नवी_नोंद

सर्वांचे मनापासून आभार. काल तीन परिच्छेद लिहायला बसले आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळले. 'जोखीम' असे मी लिहिले होते. आहे ते 'कंपनीने कबूल केलेली जोखीम'. मग चाळीस अहवाल हाताने वाचले. कित्येक कंपन्यांनी मागच्या वर्षीचे परिच्छेद जसेच्या तसे उतरवले आहेत आणि माझे मॉडेल त्यांना अर्थातच जवळपास तेच गुण देते. त्यानंतर मागच्या वर्षीचा चढउतार रिग्रेशनमध्ये घातला, तर माझ्या गुणांचा सहगुणक (चढउताराशी त्यांच्या नात्याचा आकडा) एक तृतीयांशावर आला. चढउतार स्वतःच पुढच्या वर्षी टिकून राहतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. आता हे सेमिनारमध्ये दाखवावे, की आधी दुरुस्त करावे?

ताळेबंद_शिक्षक

दाखवावे, आणि कोणी विचारण्याआधी दाखवावे. चाळीस अहवालांची मोजणी तिसऱ्या स्लाइडवर आणि तो एक तृतीयांशाचा तक्ता चौथ्या. मात्र त्याआधी गुणांऐवजी गुणांतला वर्षागणिक बदल घेऊन एकदा पाहा. उतरवलेले परिच्छेद तिथे जवळपास शून्यावर येतील आणि कंपनीने ज्या वर्षी खरोखर नवे काही लिहिले, तीच वर्षे उरतील. त्या वर्षांतही चढउताराशी नाते दिसले, तर शीर्षकातला 'जोखीम' हा शब्द काढून 'नव्याने कबूल केलेली जोखीम' असा करा. न दिसल्यास मला निरोप करा, सेमिनारला अजून पाच आठवडे आहेत.