वेबक्वेस्ट दिलं, तर नऊ गटांनी एकच मजकूर उतरवून आणला

प्रश्न (सातवीची विज्ञान शिक्षिका)
सूर्यमालेवर पहिल्यांदाच वेबक्वेस्ट (इंटरनेटवरचे नेमून दिलेले दुवे वाचून मुलांनी गटात करायचं काम) घेतलं. चार-चार मुलांचे नऊ गट, दोन तासिका, सहा दुवे मी आधीच निवडून दिलेले. काम होतं, 'प्लुटोची माहिती गोळा करून तक्ता तयार करा.' तक्ते देखणे झाले, पण नऊही तक्त्यांत तीच वाक्यं, त्याच क्रमानं. एका मुलीनं 'कक्षा' हा शब्द तीनदा लिहिला होता. तिला विचारलं, "कक्षा म्हणजे काय गं?" ती खाली बघत राहिली. तेव्हापासून मला चैन नाही. मुलांनी सांगितलं तेच केलं, मग माझं कुठे चुकलं?

उत्तर (अध्यापक विद्यालयातले एक प्राध्यापक)
मॅडम, 'माहिती गोळा करा' म्हटल्यावर मुलं गोळाच करणार. अमेरिकेतले प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात वेबक्वेस्टची कल्पना मांडली, तेव्हा मुलांचा वेळ शोधाशोधीत न जाता मिळालेल्या माहितीवर विचार करण्यात जावा, असाच हेतू होता. पुढे त्यांनी कामांचे बारा प्रकार सांगितले. वाचलेलं पुन्हा सांगणं हा त्यातला सगळ्यात साधा, आणि तुमचं काम तिथंच थांबलं.

दुवे राहू द्या, प्रश्न बदला. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं ग्रहाच्या तीन अटी ठरवल्या: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल झालेलं असणं, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं (म्हणजे त्या वाटेवर त्याच्या तोडीचं दुसरं काही उरलेलं नसणं). प्लुटो तिसऱ्या अटीत अडला आणि ग्रहांतून वगळला गेला. मुलांना विचारा, ही अट ठेवावी का? गटातल्या एकाला प्लुटो द्या, दुसऱ्याला एरिस (नेपच्यूनपलीकडचा बटुग्रह, आकारानं जवळपास प्लुटोएवढाच, पण वस्तुमान जास्त), तिसऱ्याला सेरेस (मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला). सेरेस १८०१ मध्ये सापडला तेव्हा त्यालाही ग्रहच म्हणत, पुढे लघुग्रहांत घातलं. चौथ्यानं तिन्ही अटी सांभाळायच्या. प्रत्येकाकडे वेगळा तुकडा असला की एकमेकांना समजावून सांगावंच लागतं. उतरवून निभत नाही.

उत्तर (माध्यमिक शिक्षिका)
सरांशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. मूल्यमापनाचा तक्ता काम सुरू होण्याआधी मुलांच्या हातात द्या आणि त्यात 'कारण दिलं का' याला सर्वांत जास्त गुण ठेवा. दुसरं, दुवे स्वतः शेवटपर्यंत वाचा. मी एकदा न वाचता दुवा दिला, मजकूर मुलांच्या आवाक्याबाहेरचा निघाला आणि तासिका शब्दांचे अर्थ सांगण्यात गेली.

मूळ प्रश्नकर्ती
काल तसंच घेतलं. तीन तासिका लागल्या, वर्गात गलका झाला, आणि तक्ते आधीइतके सुबक नाहीत. पण त्याच मुलीकडे या वेळी सेरेस होता. ती उभी राहून म्हणाली, "बाई, प्लुटोला परत घ्यायचं तर सेरेसलाही घ्यावं लागेल, तोही गोलच आहे." आणि कक्षेचा परिसर मोकळा नसणं म्हणजे काय, ते तिनं फळ्यावर लघुग्रहांचा पट्टा काढून दाखवलं. मला भरून आलं.

आता एक अडचण. दोन गटांत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. त्यांचे गुण कापायचे का?

उत्तर (अध्यापक विद्यालयातले एक प्राध्यापक)
मुळीच नाही. दोन्ही बाजू कारणांसह लिहून घ्या आणि पूर्ण गुण द्या.