मदत हवी आहे: सॅन स्टॉर्मच्या फ्युएल लाइन बदलायच्यात (ठाणे / नवी मुंबई)

मंडळी, माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली ती फायबर बॉडीची टू-सीटर. आधीच्या मालकाने इंजिन बदललं, मोठा पंप टाकला, पण फ्युएल लाइन (टाकीतून इंजिनला पेट्रोल नेणारे पाइप) जुन्याच ठेवल्या. पाम बीच रोडला सिग्नलवर थांबलं की केबिनमध्ये पेट्रोलचा वास. लिफ्टवर घेतली तर टाकीजवळचा रबरी पाइप वाकवला की बारीक चिरा उघडतात, क्लिपच्या कडेला ओल. अर्थातच गाडी आता उभी आहे.

तुर्भ्याचा मेकॅनिक म्हणतो, "साधा पाइप टाकू, काय होत नाही." मला पटत नाही. कार्ब्युरेटरवाला आर-७ दर्जाचा पाइप जास्तीत जास्त ५० पीएसआय दाबाचा; फ्युएल इंजेक्शनला ३ बार, म्हणजे ४३ पीएसआय दाब सतत. त्यात आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, जे साध्या रबराला मानवत नाही. सुरक्षेला उरलं काय?

खात्रीचा आर-९ (इंजेक्शनच्या दाबाचा) पाइप इकडे कुठे मिळेल, की मुंबईतली नागदेवी स्ट्रीटच गाठावी? टाकीत बुडणाऱ्या तुकड्याला आर-१० लागतो, त्याचं नाव काढलं की दुकानदार तोंडाकडे बघतो. इंजिनपाशी पीटीएफई (टेफ्लॉन) पाइप आणि एएन-६ मापाची आट्यांची फिटिंग घ्यायचा विचार आहे. स्क्रूने आवळायच्या वर्म क्लिप नकोत, रबर कापतात.

मुख्य अडचण खालच्या गंजलेल्या स्टील पाइपची. तिथे कॉपर-निकलचा पाइप टाकून नीट फ्लेअरिंग (जोडासाठी पाइपचं तोंड पसरवणं) करून देणारा वागळे इस्टेट किंवा रबाळे भागात कोणी आहे का? स्वतः काम करून घेतलेल्यांनीच सांगा, प्लीज. मजुरीचा अंदाजही कळवा.