कावळ्याचं घरटं, पाऊस आणि चितमपल्लींवरचा राग

रानभूल
मारुती चितमपल्ली म्हणजे 'गोड भाषेतली अंधश्रद्धा' असं परवा इथे कुणीतरी लिहिलं. कावळ्याने काटेरी झाडावर घरटं केलं तर पाऊस कमी, आंब्या-करंजावर केलं तर भरपूर, असलं काही मुलांना वाचायला देऊ नका म्हणे. वर टाळ्या पिटायला शंभर जण!

अहो, हा माणूस वन खात्यात ३६ वर्षं राबला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट पायी तुडवला. गोंड, कोरकू, ढीवर यांच्याजवळ बसून ऐकलेलं लिहून ठेवलं, नाहीतर ते त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेलं असतं. एखादा समज नोंदवला म्हणजे त्याची हमी दिली असं होत नाही, एवढंही कळू नये?

शंकासुर
ती पोस्ट माझीच. नोंद कुठली आणि दावा कुठला, हे कुणी दाखवायचं? लेखकाने की आठवीतल्या पोराने? स्वतः पाहिलेला सारस आणि कुणाकडून ऐकलेली गोष्ट, दोन्ही एकाच सुरात येतात. भाषा इतकी सुंदर की शंका घ्यायचंच राहून जातं. माझी तक्रार आहे ती हीच.

आमचे सासरे आंब्यावरचं घरटं बघून सोयाबीन पेरून मोकळे झाले. पुढे दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे तुम्ही देणार होतात का?

रानभूल
टीव्हीवरचा अंदाज ऐकून पेरणाऱ्यांची दुबार चुकते वाटतं?

कोरडवाहू
सगळे ठोकताळे एकाच गोणीत भरू नका. चातक आफ्रिकेतून नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतो. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी काढून पाहा, मोसमी पावसाच्या आगेमागेच येतो. पावशाचं तसं नाही. त्याची वीण असते, तो मादीला हाका मारतो आणि आपण त्यात 'पेरते व्हा' ऐकतो. राहिला कावळा. गावातले आंबे तोडल्यावर तो बाभळीवरच जाणार. त्यावरून पाऊस कळत नाही, पण गावाबद्दल बरंच कळतं.

माळकरीण
जंगल, जंगल, जंगल! चितमपल्ली मूळ सोलापूरचे, २००६ सालचं साहित्य संमेलनही सोलापुरातच झालं त्यांच्या अध्यक्षतेखाली, पण वाचणाऱ्यांना आठवतं ते विदर्भातलं रान. आमच्या माळाचं कुणाला काय? नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, कापून १,२२२ केलं. पक्षी किती उरले ते विचारूच नका.

आणि दर जुलैत एकसारखे टी-शर्ट घालून मंडळी येतात, 'ओसाड जमीन हिरवी करू'! आमच्या गावामागच्या माळावर अशीच ग्लिरिसिडियाची झाडं लावून गेले. उघड्या माळावरचे पक्षी, धाविक गेला, चंडोल गेले, लांडगा तर त्या बाजूला फिरकत नाही. ओसाड म्हणे.

हिरवाई
ताई, झाडं लावणाऱ्यांनाही आता शिव्या? आमच्या टेकडीवर बादल्यांनी पाणी वाहून जगवलीत आम्ही. आज तिथे बुलबुल, सुभग, शिंजीर सगळे येतात. तुम्ही काय केलंत ते सांगा.

माळकरीण
बुलबुल माझ्या कपड्यांच्या दोरीवरही येतो. माळढोक वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवरचं दिसायला हवं. तुमची झाडं म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांना लपायची सोय आणि कावळ्यांना टेहळणीची.

हिरवाई
म्हणजे उन्हात करपलेलं गवत बघत बसायचं?

माळकरीण
हो. कुसळी, पवन्या, मारवेल. त्याच गवतावर आमची गुरं जगली आणि त्या दुधावर माझं शिक्षण झालं. नावं तरी ठाऊक आहेत का?

तिरसट
झाडांवर भांडा खुशाल. माळढोक मरतो तो विजेच्या तारांना धडकून. डोळे बाजूला, अंग जड, समोरची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या आणि २०२४ मध्ये तोच आदेश सैल केला. यावर कुणी शंभर टाळ्या पिटल्या नाहीत.

शंकासुर
धागा चितमपल्लींवर होता, आठवण करून देतो.

कोरडवाहू
त्यांच्यावरच चाललाय. ज्याला माळावरच्या गवताची नावं ठाऊक नाहीत, तो माळाला ओसाड म्हणणारच. ही नावं चितमपल्लींसारख्यांनी जमवली. तुमच्या तर्कशुद्ध मंडळींपैकी कुणी जमवली का? ठोकताळे गाळा हवं तर, बाकीचं कुठून आणणार?

शंकासुर
बरं बुवा. त्यांचा पक्षिकोश मुलीच्या टेबलावर ठेवतो. घरट्यांचे ठोकताळे असलेलं सगळं वरच्या फळीवर, सासऱ्यांचा हात पोचणार नाही असं. झालं समाधान?

रानभूल
वरच्या फळीवरचं पुस्तक सासरे आधी काढतात. अनुभव आहे.

हिरवाई
ग्लिरिसिडिया नको तर नको. मग माळावर लावायचं काय, तेवढं सांगा.

माळकरीण
काही म्हणजे काही लावू नका. गुरं कधी सोडायची आणि कधी बंद ठेवायची, ते गुराख्यांबरोबर बसून ठरवा. पण त्याचा फोटो चांगला येत नाही, नाही का?